तांदळातली नावं

शिवन्याच्या लग्नात तांदळात नाव लिहायचं राहिलं, ते साल २०४१. राहिलं म्हणजे कोणी विसरलं नव्हतं. ताट आणलं होतं, तांदूळ पसरले होते, नवऱ्या मुलाच्या हातात अंगठी दिली होती. शिवन्या, माझी नात, म्हणाली, "मला नाव आहे. दुसरं नको." भटजी माझ्याकडं बघायला लागले, मी विहीणबाईंकडं. विहीणबाईंचं तोंड उतरलं. तेवढ्यात नंदानं पुढं होऊन ताट उचललं.

"तांदूळ चांगले हायत, खिरीला घ्या," ती म्हणाली.

मांडव हसला आणि विधी पुढं गेला.

नंदा माझी नणंद, आणि भावजयही. आमचं साटंलोटं. १९८९ साली एकाच मांडवात माझा भाऊ तिचा नवरा झाला आणि तिचा भाऊ माझा. सोलापूरपासून जवळच आमचं गाव. वेशीच्या अलीकडं लामकान्यांची घरं, पलीकडं शिरसटांची. मी जन्मानं शालन लामकाने. ती महानंदा शिरसट. लग्न ठरलं तेव्हा माझी सासू म्हणाली, "आमची महानंदा जायलीय, तर महानंदाच घरात येऊ दे. लक्ष्मीचं नाव बाहेर जाऊ नये." माझ्या वडलांना हे फार पटलं. मग शालन हे नावसुद्धा लामकान्यांकडंच राहील, असा त्यांनी हट्ट धरला. दोन ताटं मांडली. तिच्या भावानं माझ्या ताटात महानंदा लिहिलं, माझ्या भावानं तिच्या ताटात शालन. दोन्ही घरांत नावं जागेवर राहिली म्हणून माणसांनी कौतुक केलं. आम्हाला दोघींना कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून कागदावर मी महानंदा शिरसट आणि ती शालन लामकाने. म्हणजे माझं जन्माचं नाव तिला आणि तिचं मला. सरकारनं प्रत्येकाच्या आरोग्याची फाईल केली तेव्हा त्यात जन्माचं नावही मागितलं. फाईल करणारा चक्रावला. "एकाच बाईचं दोनदा कशाला लिहिता?" म्हणून त्यानं माझी फाईल काढून टाकली. ती परत घालायला दोन खेपा पडल्या. आम्ही मात्र एकमेकींना जुन्याच नावानं हाक मारायचो. ती मला शालू म्हणायची, मी तिला नंदा. पुढंही मी तिला नंदाच म्हणणार आहे.

आम्हा दोघींचा कडक भाकरीचा धंदा होता, गावातल्या आणखी बायका धरून. ज्वारीची पातळ भाकरी, भाजून, वाळवून, पापडासारखी कडक करायची आणि शेंगाचटणीबरोबर पाकिटात भरायची. परदेशातही जायची आमची भाकरी. त्या धंद्यात एक रीत होती. तव्यावर टाकायच्या आधी प्रत्येकीनं काठाला आपली खूण करायची. भाकरी जाड निघाली, करपली, तुटली आणि गिऱ्हाईकाची तक्रार आली तर कुणाची ते कळावं म्हणून. माझी खूण दोन बोटांची. नंदाची एका नखाची, बीजेच्या चंद्रासारखी. नखाच्या भाकरीची तक्रार फार क्वचित यायची, आणि ते ती मला वर्षानुवर्षं ऐकवायची.

लग्नाच्या आधी, पाहुण्यांच्या भाकरी थापताना ती हळूच म्हणाली, "शालू, एक सांगू? कुणाला बोलू नको. मला परत लागायलंय."

"काय लागायलंय?"

"पाळी गं. इतक्या वर्षांनी."

"मला तर पाडव्यापासून दिसायलंय," मी म्हणाले.

तिनं पीठ झटकलं आणि हसत सुटली. "परत तरण्या झालो की आपण! दोघींसाठी बघू का एकेक?"

"एकच बघ. परत साटंलोटं नको."

दोघीही खूप हसलो. पण मग तिनं माझ्याकडून शब्द घेतला. हळदीला पहिल्या पाच सुवासिनींत ती होती. जात्याला हात लावायचा, मुसळ बांधायचं. हे कुणाला कळलं असतं तर तिला उठवलं असतं. मी विधवा, मला कुणी बसवणारच नव्हतं, त्यामुळं मला लपवायचं काही नव्हतं. तरी मीही गप्प राहिले. तिनं घाणा भरला, हळद कुटली, खिरीचे तांदूळ उचलले, आणि लग्न झाल्यावर आम्ही दोघी गावातल्या आरोग्यसेविकेकडं, आशाताईकडं गेलो.

त्या काळात पट्टी निघालेली होती. बोटभर कापसाची पट्टी, घरीच रात्रभर ठेवायची आणि सकाळी डबीत घालून द्यायची. गर्भाशयाच्या अस्तरात गाठ असेल तर तिच्या पेशी झडतात आणि खाली येतात, त्या पट्टीला लागतात. डबी तालुक्याच्या दवाखान्यात जायची. तिथं एक यंत्र होतं, फ्रिजएवढं, पेशीतली अक्षरं वाचणारं. त्याचं खरं नाव कुणालाच नीट म्हणता यायचं नाही. वाचून दाखवतं म्हणून सगळा तालुका त्याला मास्तर म्हणायचा. तिथले डॉक्टरसुद्धा.

आमच्या दोघींच्याही डब्यांवर मास्तरनं लाल दिवा लावला.

घरात रडारड झाली. दोघींना एकदमच कसं, करणी आहे का, भाकरीच्या धुरानं झालं का, पुष्कळ बोलणी झाली. डॉक्टर नसीम तांबोळी म्हणून एक बाई होत्या, सोलापुरातच वाढलेल्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "करणी नाही, मावशी. वजन, साखर आणि वय. या तिन्ही गोष्टी तुम्हा दोघींना भरपूर आहेत. पूर्वी अशा गाठी कळायच्याच नाहीत, आता पट्टीमुळं सगळ्या दिसतात." आषाढात दोघींची गर्भाशयं काढली. खाटा शेजारीशेजारी होत्या. नंदाची जखम लवकर भरली.

आधी आला तो सूक्ष्मदर्शकाचा निकाल. तो पाहणारे डॉक्टर वेगळे. त्यांनी सांगितलं, शालन लामकाने यांची, म्हणजे नंदाची, गाठ पहिल्या दर्जाची. लहान, सौम्य, पेशी जवळजवळ चांगल्यासारख्या. महानंदा शिरसट यांची, म्हणजे माझी, तिसऱ्या दर्जाची. पेशी वेड्यावाकड्या, रागीट. त्या दिवशी नंदा माझ्या खाटेवर येऊन बसली आणि माझे पाय चेपत राहिली.

चार-पाच दिवसांनी मास्तरचा निकाल आला आणि तांबोळी बाईंनी दोघींना घरच्यांसकट बोलावलं. माझा भाऊ, त्याला मी दादा म्हणते, आणि नंदाचा मुलगा मल्लिनाथ हे दोघं आले होते.

बाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. अंगातली प्रत्येक पेशी स्वतःजवळ एक लांबलचक लिखाण बाळगते. अक्षरं चारच, पण ओळ संपत नाही अशी. एका पेशीच्या दोन होताना ते सगळं नकलून काढावं लागतं. नक्कल करणाऱ्याला शरीरानं सवय लावलेली असते, की प्रत्येक अक्षर लिहिलं की मागं वळून बघायचं आणि चुकलं तर खोडायचं. त्यातूनही चुका राहिल्या तर मागून दुरुस्ती करणारी एक टोळी येते. आणि सगळ्यांत शेवटी एक राखणदार असतो. ज्या पेशीचं लिखाण फार बिघडलं, तिला तो थांबवतो किंवा मारून टाकतो. मास्तर गाठीचं रूप बघत नाही. यातलं कोण मोडलंय ते बघतो. दुरुस्तीची टोळी मोडली असेल तर कधीकधी ते आईबापांकडून आलेलं असतं, मग बहिणी-मुलींनाही तपासावं लागतं. आमच्या दोघींत ते नव्हतं. काही गाठींत यातलं काहीच मोडलेलं नसतं, त्यांचा धोका मधलाच असतो. तेही आमच्यात नव्हतं.

माझ्या गाठीत नक्कल करणारा मागं वळून बघत नव्हता. मी पन्नाशीला पाटीवर अक्षरं गिरवली तेव्हा माझंही तसंच व्हायचं, त्यामुळं हे मला लगेच कळलं. पानभर चुका. म्हणूनच त्या पेशी इतक्या वेड्यावाकड्या दिसत होत्या. "पण तेच तुमचं नशीब, मावशी," बाई म्हणाल्या. "इतक्या चुका झाल्या की शरीराच्या शिपायांना ती गाठ परकी वाटायला लागली. घरात चोर शिरला, पण प्रत्येक पावलाला भांडी पाडायला लागला. असा चोर सापडतोच. गाठ काढली, आता पुन्हा यायची शक्यता फार थोडी. तुम्हाला केमो नको, किरणांचा शेक नको. घरी जा. फक्त तपासायला येत राहा."

"आणि माझं?" नंदा म्हणाली.

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तुमच्या गाठीत राखणदारच मेलाय. दिसायला गाठ शांत आहे. पण हा चोर चपला काढून आलेला आहे. तो पुन्हा येतो, आणि बाहेरही पसरतो. तुम्हाला केमो लागेल आणि शेकही लागेल. उशीर करायचा नाही."

दादा म्हणाला, "बाई, तुम्ही उलटं बोलायला लागलाव. मोठी गाठ हिची आणि औषध तिला?"

"होय, उलटंच वाटतं. म्हणूनच मास्तर आणलाय."

बाहेर आल्यावर मला एकटीलाच सुटल्यासारखं वाटत होतं आणि तसं वाटतंय याची लाज वाटत होती.

आता आमच्याकडची एक समजूत सांगायला पाहिजे. डॉक्टर औषध देतो तोवर माणूस जगणार. डॉक्टर म्हणाला, घरी न्या, औषध नको, म्हणजे त्यानं हात टेकले. पिढ्यान् पिढ्या आम्ही हेच पाहिलेलं. मास्तरनं माझ्यासारख्या ज्या बायकांना घरी पाठवलं त्यांना तालुक्यात 'सोडलेल्या' म्हणायचे. शेजारच्या गावातली एक सोडलेली बाई सहा वर्षं बाजारात मेथी विकत होती आणि गिऱ्हाइकं तिला 'बिचारी' म्हणून घासाघीस न करता पैसे द्यायची. तिनंही कधी कुणाला खरं सांगितलं नसावं.

आठ दिवसांत माझ्याकडं माणसांची रीघ लागली. कुणी पुरणपोळी आणली, कुणी मटण. माझी एक चुलतबहीण तर माझ्या इरकलीकडं बघत म्हणाली, "रंग कसा टिकलाय गं. कुणाला देणारैस?" मी म्हणाले, "नेसून दाखवते, थांब." मुलगा आणि सून पुण्याहून रजा टाकून आले. मी भाकरी थापायला बसले की माझ्या हातातून पीठ काढून घ्यायचे. मी बरी आहे, असं जितकं सांगावं तितकी माणसं डोळ्याला पदर लावायची.

तेव्हा मल्लिनाथनं ती गोष्ट काढली. मल्लिनाथ मोबाईल दुरुस्त करायचा, डोकं चांगलं. तो दादाच्या ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "निकाल बदललेत. आईचं जन्माचं नाव महानंदा शिरसट. आत्याचं आत्ताचं नाव महानंदा शिरसट. आत्याचं जन्माचं शालन लामकाने, आईचं आत्ताचं शालन लामकाने. एकदा फाईल यामुळंच उडाली होती. मास्तरनं कुठल्या नावाला कुठली गाठ जोडली कुणास ठाऊक. सूक्ष्मदर्शकवाले डोळ्यांनी बघतात, त्यांचं बरोबर. मास्तरनं आत्याचं औषध आईला लिहून दिलं आणि आत्याला घरी पाठवली."

ते खरं वाटण्यासारखंच होतं. मलाही क्षणभर वाटलं.

मी तांबोळी बाईंना फोन लावला. त्यांनी तपासून सांगितलं, घोटाळा नाही. पुन्हा रक्त मागवलं, पुन्हा जुळवलं, तेच आलं. मल्लिनाथ म्हणाला, "पुन्हा त्याच नावांनी जुळवलं ना? मग तेच येणार."

नंदानं केमोला जायचं नाकारलं.

मी तिच्याकडं गेले तेव्हा ती परसात शेंगा फोडत होती. मीही पाटावर बसून फोडायला लागले.

"नंदे, परवाची तारीख हाय. गाडी सांगितलीय मी."

"तू जा."

"मला कशाला?"

तिनं शेंग टाकली. "शालू, तुझं नाव घेऊन मी तुझ्या आईच्या घरात आले. तुझ्या आईच्या हातचं खाल्लं, तुझ्या वाटचा लाड पण घेतला. आता तुझ्या वाटचं औषधबी पिऊन टाकू व्हय? मग तू कशानं जगशील?"

"अगं, ते तुझंच हाय."

"तू कशाला म्हणशील माझं हाय ते? मला जगवायला म्हणशील. मी वळखत नाही व्हय तुला?"

ती समजत होती की मी तिला जगवायला खोटं बोलतेय. गावातल्या बायका पाणवठ्याच्या टाकीजवळ उलटं बोलत होत्या, की मीच माझी गाठ नणंदेच्या गळ्यात घातली. म्हणजे मी खरं बोलले तरी नंदाला वाटणार मी मरायला तयार आहे आणि गावाला वाटणार मी नंदाला मारायला निघालेय. आणि माझ्याही मनात एक गोष्ट होतीच. मास्तर बरोबर असला तरच मी जगणार होते. त्याची बाजू मी घ्यायची म्हणजे तिच्या गाठीला वाईट म्हणायचं. ते माझ्या तोंडून नीट निघतच नव्हतं. दोनदा बोलायला गेले आणि चटणीचं बोलून परत आले.

आमच्यात बोलणं कमी झालं. भाकरी थापताना आम्ही लांब बसायला लागलो. भांडताना आम्ही एकमेकींना 'वन्सं' म्हणायचो, कारण दोघीही एकमेकींच्या नणंदा. तेव्हा तिनं सगळ्यांसमोर मला दोनदा वन्सं म्हटलं.

दादाला मी सांगितलं, "तू तिचा नवरा हायस, तू घेऊन जा." तो म्हणाला, "तू माझी बहीण हायस. कुणाला घेऊन जाऊ ते मला कळंना झालंय." तो तंबाखू मळत राहिला. त्यानंतर त्याच्याकडून काही झालं नाही.

तांबोळी बाई फोन करत राहिल्या. एकदा स्वतः गावात आल्या. नंदानं त्यांना चहा दिला, भाकरीचं पाकीट दिलं आणि हात जोडले. जाताना बाई माझ्याकडं आल्या. "मावशी, शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांच्या आत सुरू करायला हवं होतं. जितका उशीर, तितका उपयोग कमी. जबरदस्ती मी करू शकत नाही."

पावसाळा गेला, दसरा गेला.

दिवाळीला शिवन्या आली. सगळं ऐकल्यावर ती माझ्यावरच चिडली. "आजी, तुमच्या त्या नावांनी एवढा घोळ केलाय ना, मग नावच काढून टाका की. मास्तरला नाव लागतंय कशाला?"

"म्हणजे?"

"गाठीतलं लिखाण बिघडलेलं असलं तरी खालचं लिखाण त्या बाईचंच असतं ना. रक्तात पण तेच. नाव न घालता दोन रक्तं आणि दोन गाठी द्या. त्याला जुळवू द्या."

मी तिला तशीच वेस ओलांडून लामकान्यांकडं घेऊन गेले. तिनं नंदाला हेच सांगितलं. नंदा ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि नळी कुणाची ती कशी कळायची? परत त्यावर चिठ्ठी लावणारच की कुणीतरी."

मी म्हणाले, "भाकरीवर कुठं चिठ्ठी असते?"

ती माझ्याकडं बघायला लागली. बऱ्याच दिवसांनी सरळ बघत होती.

"खूण आपण करायची," मी म्हणाले. "आपल्या हातानं. आणि हे बघ, उलटं निघालं तर सगळं औषध मी घेते. केस जाऊ देत, उलट्या होऊ देत, एक दिवस चुकवणार नाही. सरळ निघालं तर तू घ्यायचं. कबूल?"

"देवीच्या पायाला हात लावून सांग."

मी लावला. तिनंही लावला.

तांबोळी बाईंनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हसल्या नाहीत. एका दुपारी मास्तरच्या खोलीत आम्हाला बसवलं. मल्लिनाथलाही आत घेतलं, कारण शंका त्याची होती. दोन कोऱ्या नळ्या आणल्या. त्यांना मऊ पांढरी पट्टी गुंडाळली. नंदाचं रक्त घेतलं आणि नळी तिच्या हातात दिली. तिनं पट्टीवर नख रोवलं. मी माझ्या नळीवर शाईची दोन बोटं उठवली. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात, ते आणले. त्यांवरची नावं बाईंनी आमच्यासमोर चिकटपट्टीनं झाकली. कुठला कुणाचा ते आता मास्तरनंच सांगायचं होतं.

वाट बघायला लागली. मल्लिनाथ यंत्राच्या मागं जाऊन वायरी बघून आला. नंदानं पिशवीतून भाकरी काढली आणि सगळ्यांना तुकडे दिले, बाईंनाही. "ही शालूची हाय," ती म्हणाली. "जाड लागंल."

मग पडद्यावर दोन ओळी आल्या. बाई वाचायच्या आधी मी वाचल्या, मला वाचता येत होतं म्हणून. एक गाठ शाईच्या नळीशी जुळली होती आणि तिच्यात नक्कल करणारा मोडलेला होता. दुसरी नखाच्या नळीशी. तिच्यात राखणदार मेलेला होता. बाईंनी झाकलेली नावं उघडली. शाईच्या गाठीवर माझं कागदावरचं नाव होतं, नखाच्या गाठीवर तिचं, आधीच्या निकालासारखंच.

नंदानं आपली नळी मागितली. बाईंनी दिली. तिनं ती उजेडाकडं धरली आणि पट्टीवरची खूण बोटानं चाचपली.

"माझीच भाकरी ही," ती म्हणाली.

मल्लिनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आत्या, माझ्यामुळं..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. तो आईसाठीच भांडला होता. आणि ती नावं त्यानं ठेवली नव्हती.

बसस्टँडवर नंदा मला म्हणाली, "एवढे दिवस मला वाटायचं तू मरायलीस. म्हणून तुझ्याशी बोलायला होत नव्हतं बघ."

"आणि आता?"

"आता बोलू की. आता मीच हाय म्हणल्यावर काय."

तिनं शब्द पाळला. २०४२ च्या संक्रांतीपासून केमो सुरू झाली, उन्हाळ्यात शेक. प्रत्येक वेळी मी बरोबर जायचे. केस गेले तेव्हा ती म्हणाली, आता खूण करायला नखाची गरज नाही, टाळूच टेकवते. उलट्या होत असताना ती मला शिव्या द्यायची, बाजूच्या खाटेवरच्या बायका घाबरायच्या. पावसाळ्यात ती परत भाकरी थापायला बसली. एक पूर्ण वर्ष चांगलं गेलं. शिवन्याला मुलगी झाली तेव्हा बारशाला तिनं गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पाळणा हलवला. नाव काय ठेवलं ते तिनं मोठ्यानं दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "आता हेच शेवटपर्यंत. कुणी तांदूळ आणला तर मला बोलवा."

२०४३ च्या नवरात्रात तिला धाप लागायला लागली. छातीत आणि पोटात पसरलं होतं. तांबोळी बाईंनी आणखी एक औषध दिलं, त्यानं थोडे दिवस बरं वाटलं. मी बाईंना विचारलं, वेळेवर घेतलं असतं तर जगली असती का. त्या म्हणाल्या, "अशा शंभर बायकांत वेळेवर औषधानं काही जास्त जगतात. ही त्या काहींत होती का, ते मास्तरलाही वाचता येत नाही."

मी हे नंदाला सांगितलं. तिला सगळं सांगायचं असं आमचं ठरलं होतं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पण मास्तर पास झाला बघ. तू हायस की."

त्या थंडीत भोगीच्या बाजरीच्या भाकरीच्या ऑर्डरी फार होत्या. ती खाटेवरून बघत होती. एकीनं खूण न करता भाकरी तव्यावर टाकली, तर तशा दुखण्यातही ती तिच्यावर ओरडली.

नंदा २०४४ सालच्या जानेवारीत, भोगीच्या दिवशी दुपारी गेली. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर 'शालन लामकाने, मयत' असं लिहिलेलं आहे. जन्माची शालन लामकाने मी. मी अजून आहे.